भिंगरीची ट्रायल

आत्या माणसांना चेहऱ्यावरून ओळखत नाही, खांद्यांवरून ओळखते. रस्त्यात कुणी हात केला की ती आधी त्या माणसाचे खांदे बघते, मग मान तिरकी करून पाठ, आणि मगच तिचा चेहरा उजळतो. "अगं बाई, ही तर साडेतेरा! डावा खांदा उतरता."

गेली एकतीस वर्षं ती वकिलांचे काळे गाऊन शिवते. कोर्टामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या आहेत. मागच्या खोलीत ती राहते, पुढच्या खोलीत जगते. पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन, काजाचं मशीन, एक बिनडोक्याचा पुतळा (त्याला ती 'न्यायाधीश' म्हणते, कारण तो सगळं ऐकून घेतो आणि निकाल देत नाही) आणि मधोमध कापायचं टेबल. साडेसहा फूट लांब, चार फूट रुंद. ते सुतारानं खोलीतच बसून जोडलेलं आहे. दारातून ते कधी आत आलेलं नाही, त्यामुळे बाहेर जाण्याचा प्रश्नच येत नाही.

टेबलाच्या खणात मापांची वही असते. छाती, खांदा, बाही, उंची, आणि शेवटी शेऱ्यासाठी एक रकाना. त्या रकान्यात आत्या जे लिहिते ते शहरातल्या कुठल्याही वकिलानं वाचलं तर तिच्यावर दावा ठोकेल. 'ट्रायलला पोट आत घेतो, दोन इंच जास्त धरणे.' 'उंची विचारली की खोटं सांगते.' 'बोलताना उजवा हात फार फेकतो, काखेत सैल ठेवणे.' कच्च्या टाक्यांवरचा गाऊन अंगात घालून गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहतं, त्याला ती ट्रायल म्हणते. बसला नाही की ती गिऱ्हाइकाला कधी दोष देत नाही. "चुकतो तो कपडा," ती म्हणते. "अंग कधी चुकत नाही."

गेल्या तीन वर्षांत तिचा उजवा कान हळूहळू रजेवर गेला. डावा कामावर आहे, पण कामचुकार. कानात घालायचं यंत्र तिनं आणलं होतं. मशीन चालू झालं की त्या यंत्रातून गिरणीत बसल्यासारखं वाटतं, म्हणून ते आता बटणांच्या डब्यात असतं, मोठ्या काळ्या बटणांच्या कप्प्यात.

या हिवाळ्यात एकदा तिनं चहाचं पाणी ठेवलं आणि बाह्या जोडायला बसली. किटली शिट्टी वाजवून वाजवून थकली, कोरडी पडली, काळी झाली. धूर जिन्यात आला. शेजाऱ्यांनी घंटा वाजवली, दार बडवलं. आत्या बाह्या जोडत होती. शेवटी धूरच तिच्यापर्यंत चालत आला, तेव्हा ती उठली.

दुसऱ्या दिवशी बाबा तिच्याकडे गेले. बाबा तिच्याहून सहा वर्षांनी लहान, पण काळजी करायची वेळ आली की ते तिच्याहून वीस वर्षांनी मोठे होतात.

"ताई, आता बास. एक तर कोणीतरी सोबतीला ठेव, नाहीतर आमच्याकडे राहायला ये. मागची खोली रिकामीच आहे."

"तुझी मागची खोली नऊ बाय आठ. टेबल कुठे ठेवू, तुझ्या डोक्यावर?"

"टेबलाचं काय एवढं! मशीन बसेल की कोपऱ्यात. थोडंफार शिवत बस."

"थोडंफार," आत्या म्हणाली. हा शब्द तिनं चिमटीत धरून उजेडात बघितला आणि खाली ठेवला. गाऊन कापायला कापड पूर्ण पसरावं लागतं. थोडंफार पसरता येत नाही.

"कोणीतरी ठेवायचं ना?" ती म्हणाली. "ठेवते."

आठवड्याभरानं तिनं मला फोन केला. "काय गं, तुला भाषा कळते ना? मला सांग, कुत्रं हे 'कोणी'मध्ये मोडतं की 'काही'मध्ये?"

मी विचार केला. दारात माणूस असला तर आपण 'कोणी आलंय' म्हणतो. खोक्यात मांजर हललं तर 'काहीतरी आहे' म्हणतो. पण तेच मांजर ओळखीचं झालं की...

"एवढा वेळ लागतोय म्हणजे 'कोणी'च," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

तिच्या मनात भरली होती कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याची भिंगरी. तीन वर्षांची, जॅक रसेल टेरियर जातीची, पांढरी, एका कानावर आणि शेपटीच्या बुडाशी तपकिरी डाग. चष्मेवाल्याच्या मुलांनी हट्ट केला म्हणून ती आली होती. मुलांचा हट्ट महिनाभर टिकला, कुत्री टिकली. भिंगांच्या दुकानातली म्हणून भिंगरी, असं चष्मेवाला सांगतो. गल्ली म्हणते, पायांवरून पडलं असेल. तिच्या भुंकण्यानं तीन दुकानं पलीकडची काच थरथरते, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे अख्ख्या गल्लीत तिला मशीन चालू असतानाही स्पष्ट ऐकू येणारा तो एकच आवाज होता. हिशोब सरळ होता. घंटा वाजेल, किटली ओरडेल, भिंगरी भुंकेल, आत्या उठेल.

आम्ही दोघी चष्मेवाल्याकडे गेलो. वाटेत मी फोनवरून तिच्या डाव्या कानात वाचून दाखवत होते. "ही जात कोल्ह्यांच्या मागे बिळात घुसायला तयार केलेली. रोज दीड तास तरी पळवावं लागतं. उकरते, उड्या मारते. कंटाळली तर घराची नासधूस करते. नवख्या मालकांनी, लहान घरांत, वयस्कर माणसांनी नीट विचार करूनच..."

"जॅक रसेल म्हणजे हिचा बाप का?"

"नाही गं, जात आहे."

"मग लहानच आहे की. दहा-अकरा इंच उंची. माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली मावेल."

चष्मेवाला खूश होता. फार खूश होता. तिथेच मला शंका यायला हवी होती.

"ताई, शांत आहे हो अगदी," तो म्हणाला. त्याच्या मागे भिंगरी शोकेसच्या खालच्या फळीवरून एक फ्रेम काढून तिची काडी मोडत होती.

"केस गळतात का?"

"थोडे. ऋतूनुसार."

"कुठल्या ऋतूत?"

"सगळ्याच."

"उकरते?"

"जमीन असली तर. तुम्ही तर दुसऱ्या मजल्यावर!"

"मग देऊन का टाकताय?"

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ताई, मी सकाळी नऊ ते रात्री नऊ दुकानात. हिला पळायचंय. रोज संध्याकाळी ही दाराच्या काचेला नाक लावून बसते. काच पुसता येते हो. ते बसणं बघवत नाही."

त्यानंतर आत्यानं गळ्यातला टेप काढला. आयुष्यात तिनं कुठलाही निर्णय माप घेतल्याशिवाय घेतलेला नाही. टेपचं टोक हललं मात्र, भिंगरी उडाली. टेप दातांत धरून तिनं असा झटकला की जणू त्यात कोल्ह्याचा जीव होता. पाच मिनिटांनी, चष्मेवाल्यानं पुढून आणि मी मागून धरल्यावर, मापं मिळाली. मान अकरा, छाती साडेसोळा, पाठ चौदा, उंची साडेअकरा. शेऱ्याच्या रकान्यात आत्यानं लिहिलं: 'उभी राहत नाही.'

"आठ दिवस ट्रायलला नेते," ती म्हणाली. "बसली तर ठेवीन."

"बसणार तर नाही ती," चष्मेवाला अनवधानानं खरं बोलून गेला.

बाबांनी ऐकून कपाळाला हात लावला. "दुखणं कानाचं आणि औषध कुत्र्याचं!" पण शब्दांत सापडले होते. 'कोणीतरी' असं तेच म्हणाले होते. "ठीक आहे. आठव्या दिवशी मी येईन. किती वाजता ते सांगणार नाही. घंटा वाजवीन. दार उघडलंस तर कुत्रं राहील. नाही उघडलंस तर तू आमच्याकडे. कबूल?"

"कबूल," आत्या म्हणाली. नाकापेक्षा मोती जड झालाय, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

पहिल्या दिवशी भिंगरी कातरणाच्या पोत्यात शिरली. जमीन नव्हती ना, मग तिनं चिंध्या उकरल्या. संध्याकाळी पोतं रिकामं होतं, खोली भरलेली होती, आणि न्यायाधीशांच्या पायाशी ती दमून झोपली होती. दुसऱ्या दिवशी तिनं फिरतं चाक पाहिलं आणि मशीनला शत्रू ठरवलं. दर शिवणीला एक युद्ध. आत्यानं चाकावर जुन्या गाऊनचं अस्तर बांधलं. दिसेना, मग युद्ध थांबलं.

तिसऱ्या दिवशी ती तीन पायांवर आली आणि चौथा पाय आत्याच्या मांडीवर ठेवला. न भुंकता. पंजाच्या गादीत टाचणी होती.

दिवसभर टाचण्या खाली पडू द्यायच्या आणि काम संपलं की दोरीला बांधलेलं लोहचुंबक फरशीवरून फिरवून गोळा करायच्या, ही आत्याची एकतीस वर्षांची रीत. तिनं टाचणी काढली, पाय धुतला, आणि बराच वेळ तो पंजा हातात धरून बसली. मी शेजारी होते. मला वाटलं, आता ती चष्मेवाल्याला फोन करणार.

"पायात गेली म्हणून कळलं," ती म्हणाली. "पोटात गेली असती तर?"

"मग परत देऊ या?"

"परत काय द्यायचं? तिचं काय चुकलं? खोली चुकलीय. उसवू या खोली."

चौथा दिवस आम्ही दोघी जमिनीवर गुडघ्यांवर होतो. फरशीच्या फटी, मशीनचे पाय, गालिच्याची किनार. चारशे बारा टाचण्या निघाल्या. त्यातल्या काही गंजून तपकिरी झालेल्या, माझ्याहून वयानं मोठ्या. त्या दिवसापासून टाचण्यांच्या जागी चिमटे आले, छोटे, दात असलेले. काम मंदावलं. आत्या कुरकुरत होती, चिमटे लावत होती.

पाचव्या दिवशी वकीलबाई गाऊन न्यायला आल्या. आत्यानं गाऊन मोठ्या ऐटीत झटकून समोर धरला. काळ्या कापडावर आभाळात चांदण्या पडाव्यात तसे पांढरे केस.

वकीलबाईंनी एक केस चिमटीत उचलला. "ताई, हा पुरावा कुणाचा?"

टेबलाखालून आरोपी बाहेर आला आणि वकीलबाईंच्या बुटांची नाडी सोडू लागला.

"रंगेहाथ!" वकीलबाई म्हणाल्या. हसल्या, हे नशीब. पण जाताना दारात थांबून त्यांनी जे सांगितलं त्यानं आत्याचं हसू उतरलं. "ताई, मी चार वेळा घंटा वाजवली बरं का. शेवटी दार लोटून आत आले."

"चार वेळा? भिंगरी भुंकली नाही?"

"ही? ही दाराशीच तर झोपली होती. फटीतून नाक दिसत होतं."

आत्यानं मला बाहेर पाठवलं आणि घंटा वाजवायला लावली. टिंगटिंग. भिंगरीनं कूस बदलली. पुन्हा टिंगटिंग. भिंगरीनं जांभई दिली. खिडकीवर कबूतर बसलं तर ती भुंकते, खालच्या मजल्यावर कुणी खोकलं तर भुंकते, किटलीची वाफ निघाली, अजून शिट्टीही नाही, की भुंकते. जगात एकच गोष्ट होती जिच्यावर ती भुंकत नव्हती.

मी धावत चष्मेवाल्याच्या दुकानात गेले. दार ढकललं. डोक्यावर घंटा वाजली. टिंगटिंग.

"हो, आमच्याही दाराला आहे ना," चष्मेवाला म्हणाला. "दिवसातून शंभरदा वाजते. तीन वर्षं तिच्याखालीच तर झोपायची ती. का हो?"

मी परत येऊन सांगितलं तेव्हा आत्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत होती. तिथे कात्रीच्या घासण्यानं एक गुळगुळीत खाच पडली आहे, नेमकी तिच्या मनगटाएवढी. चार हजारांवर गाऊन त्या खाचेतून गेले असतील. मी मनातल्या मनात आमच्या मागच्या खोलीत मशीन ठेवून बघितलं, कोपऱ्यात, आणि शेजारी आत्याला, थोडंफार शिवताना. ती मला दिसेना.

"बाबांना सांगू का, घंटेऐवजी खोकायला?"

"अंगाला दोष द्यायचा नाही," आत्या म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिनं घंटाच काढून टाकली.

मग तिनं काळ्या सॅटिनची एक लांब पट्टी कापली, दुहेरी शिवली, दारावरच्या जाळीतून बाहेर सोडली. बाहेरच्या टोकाला मोठं बटण, आतलं टोक जमिनीपासून वीतभर वर. बाहेरून ओढलं की आत पट्टी नाचायची. मी ओढली. आत जो कल्लोळ झाला तो आत्यालाच काय, कोर्टालाही ऐकू गेला असेल. एवढंच नव्हे, भिंगरीनं आतलं टोक दातांत धरलं आणि माझा हात बटणासकट वर खेचला गेला.

दारावर पाटी लागली: 'घंटा नाही. पट्टी ओढावी. आतून ओढली गेल्यास सोडून द्यावी.'

सोडून कोण देतंय? सातव्या दिवशी वकीलबाई आपला विसरलेला पेन न्यायला आल्या आणि जिन्यात पाच मिनिटं रस्सीखेच चालली. हरल्यावर त्यांनी अपील करण्याची धमकी दिली.

आठव्या दिवशी बाबा आले. संध्याकाळी पाचच्या सुमारास. त्यांनी पाटी वाचली, दोनदा वाचली, बटण धरलं आणि ओढलं. काही नाही. जोरात ओढलं. पट्टी मुकाट्यानं वरखाली झाली. दार बडवलं. हाका मारल्या. मग मला फोन केला. त्यांचा आवाज मी ओळखला नाही इतका तो बारीक झाला होता. "दार उघडत नाही. कुत्रंही भुंकत नाही. दोघींना काही..."

मी निघाले. मी पोहोचेपर्यंत त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं होतं. तो जिन्यात मांडी घालून बसला होता. दाराचं कुलूप सुटं होऊन त्याच्या रुमालावर मांडलेलं होतं, आणि बाबा उघड्या दारातून आत जाऊन, दोन्ही खोल्या बघून, पुन्हा बाहेर येऊन पायरीवर बसले होते. आत कुणीच नव्हतं. टेबलावर अर्धा कापलेला गाऊन, त्याला चिमटे. गॅस बंद. किटली गार.

"गेली कुठे?" बाबा म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. आत्या अकरा वर्षांत दोऱ्याच्या दुकानापलीकडे गेल्याचं आमच्यापैकी कुणालाही आठवत नव्हतं. ती घरात असून दार उघडणार नाही, याची बाबांनी शंभर प्रकारे कल्पना केली होती. ती घरात नसेल, ही एक कल्पना त्यांनी केलीच नव्हती.

खालून आधी नखांचा आवाज आला. मग भिंगरी, गुडघ्यांपर्यंत चिखल. मग, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, आत्या. गाल लाल, केस सुटलेले, चपलेला गवत चिकटलेलं.

"अरे, तू?" ती म्हणाली. "आणि माझ्या दाराला काय केलंस?"

"तू... दार का नाही उघडलंस?"

"मी घरी नव्हते."

"ते दिसतंय! पण मी येणार होतो ना आज!"

"वेळ कुठे सांगितली होतीस? तिची वेळ ठरलेली आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी साडेचार. नाही नेलं तर न्यायाधीशांना ओढून पाडते."

"रोज? दोनदा?"

"नदीपर्यंत. कालव्यावरून परत." हे तिनं असं सांगितलं की जणू ती नदी आजवर मापाच्या वहीत नोंदवायची राहून गेली होती.

कुलूपवाल्यानं सांगितलं की आतला एक भाग तुटलाय, तो दुकानातून आणावा लागेल, अर्धा तास. त्याला दाराची घाई नव्हती, पण निकालाची होती. तो जाईना.

बाबा पायरीवरून उठले. "ताई, हे कुत्रं तुला अजिबात योग्य नाही. केस काळ्या कापडावर. जागा एवढीशी. तुझं वय. काम किती कमी झालं असेल."

"महिन्याला बारा गाऊन व्हायचे. नऊ होतील."

"बघ! कुणालाही विचार, नकोच म्हणेल."

"मीही नकोच म्हणेन," आत्या म्हणाली. "मी कुणाला सल्ला देणार असते तर सांगितलं असतं, बाई, हिच्या वाटेला जाऊ नकोस."

"मग परत देतेस ना?"

आत्या खाली वाकली, भिंगरीच्या गळ्यातला पट्टा एक घर सैल केला. चालून चालून ती जरा फुगली होती, किंवा आत्याचाच हात सैल झाला होता. "छाती सतरा झाली गं हिची," ती मला म्हणाली.

बाबांना उत्तर मिळालं की नाही ते त्यांनाच ठरवता येईना. ते थोडा वेळ अर्धा गाऊन बघत उभे राहिले, टेबलावर पूर्ण पसरलेला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मग म्हणाले, "मी धरतो हिला. तू हात-पाय धू. बिनकुलपाच्या दारात ही पळून जायची."

आत्यानं पट्ट्याचं टोक त्यांच्या हातात दिलं. भिंगरीनं बाबांकडे पाहिलं, मग जिन्याकडे. बाबांचे खांदे साडेसतरा आहेत, पण त्याचा उपयोग झाला नाही. पहिल्या वळणापर्यंत आम्हाला ते दिसले, नंतर फक्त ऐकू आले. "अगं... अगं थांब... ताई! हिला थांबव! ताईऽ!"

कुलूपवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे बघितलं. ती मशीनवर बसली होती, रजेवरचा उजवा कान दाराकडे. तिनं बाहीचा काठ दुमडला, दोन चिमटे काढले आणि पाय दाबला.